अडुसष्ट की अडतीस?

सॅक्रामेंटो, जानेवारी २०२४ अखेर

आज अर्थसंकल्प समितीच्या सुनावणीत एका सदस्याने अपेक्षित प्रश्न विचारलाच : कॅलिफोर्नियाची तूट नक्की किती? तुम्ही डिसेंबरमध्ये सांगितलेली ६८ अब्ज डॉलर, की राज्यपाल न्यूसम यांनी १० जानेवारीला मांडलेली ३८ अब्ज? समितीसमोरच्या मेजाशी त्या-त्या विषयाच्या खात्याचा आणि राज्यपालांच्या वित्त विभागाचा अधिकारी बसतो, आणि त्यांच्याच शेजारी आमच्या लेजिस्लेटिव्ह अॅनालिस्ट्स ऑफिसचा (एलएओ), म्हणजे विधिमंडळाला अर्थसंकल्पावर निःपक्षपाती सल्ला देणाऱ्या कार्यालयाचा, विश्लेषक. त्यांचे म्हणणे मांडून झाले, की अध्यक्ष आमच्याकडे वळून एवढेच म्हणतात, "एलएओ?" मग दोन-तीन मिनिटांत जे सांगायचे ते सांगावे लागते, आणि तेही अशा भाषेत, की डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोघांनाही ते आपल्या बाजूने किंवा आपल्या विरोधात आहे असे वाटू नये.

मी उत्तर दिले ते असे. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत. आम्ही महसुलाचा अंदाज राज्यपालांपेक्षा कमी धरला होता, हे फरकाचे एक कारण. परंतु त्यांचाच महसुली अंदाज जसाच्या तसा घेतला, तरी आमच्या हिशेबाने तूट ५८ अब्जांची येते. उरलेला सुमारे २० अब्जांचा फरक मुख्यतः शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांच्या खर्चाचा आहे. १९८८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन ९८ नुसार या खर्चाची किमान पातळी ठरते, आणि महसूल घटला की सहसा तीही खाली येते. ही घट आपोआप झाली असे धरून राज्यपाल ती तुटीच्या हिशेबाबाहेर ठेवतात. विधिमंडळाने आधीच मंजूर केलेली रक्कम कमी करायची असेल, तर तो विधिमंडळाचा निर्णय ठरतो, म्हणून आम्ही ती तुटीत मोजतो.

माझ्या मते आमच्या निःपक्षपातीपणाची खरी कसोटी इथे लागते. दोन्ही पक्षांच्या आकड्यांच्या मधोमध उभे राहणे सोपे असते आणि बहुतेक वेळा चुकीचेही. कशाला पाया धरायचे आणि कशाला कपात म्हणायचे, हे एकदा ठरवून भरभराटीच्या व टंचाईच्या वर्षांत तीच मोजपट्टी वापरणे अवघड असते. १९४१ पासून हे कार्यालय टिकले, ते याच सातत्यामुळे. आमच्यावर देखरेख करणाऱ्या संयुक्त समितीत दोन्ही सभागृहांचे मिळून १६ सदस्य आहेत आणि त्यांत दोन्ही पक्षांचे लोक आहेत.

पुण्याहून मामा फोनवर विचारतात, "पण तुमचं ऑफिस सरकारचं की विरोधकांचं?" महाराष्ट्रात अर्थसंकल्प वित्त विभाग तयार करतो आणि खर्च होऊन गेल्यावर महालेखापरीक्षक येतात, मधल्या टप्प्यात आमदारांच्या हाताशी स्वतःचा हिशेबनीस असावा, ही कल्पना त्यांना अजून पटलेली नाही. मला मात्र ती दरवर्षी अधिकाधिक पटते.

यंदा गोंधळ व्हायला हवामानही कारणीभूत ठरले. मागच्या हिवाळ्यातील वादळांमुळे संघीय कर खात्याने राज्यातील बहुतेक करदात्यांना १६ नोव्हेंबर २०२३ पर्यंत मुदत दिली आणि राज्यानेही तीच तारीख धरली. त्यामुळे जूनमध्ये विधिमंडळाने अर्थसंकल्प मंजूर केला, तेव्हा २०२२ च्या उत्पन्नावरील कराची खरी वसुली कुणालाच ठाऊक नव्हती. ती हाती आली तेव्हा २०२२-२३ ची प्राप्तिकर वसुली आधीच्या वर्षापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी घटलेली दिसली. प्राप्तिकराचा फार मोठा वाटा अगदी वरच्या एक टक्का करदात्यांकडून येतो, म्हणून शेअर बाजार पडला की आमची तिजोरीही गडगडते. ही अस्थिरता मी प्रत्येक अहवालात लिहिते, आणि भरभराटीच्या वर्षी तो परिच्छेद ओलांडून लोक थेट शिलकीच्या आकड्यावर जातात.

फेब्रुवारीत महसुलाची ताजी पाहणी करायची आहे. आतापर्यंतची वसुली पाहता तुटीचा आकडा वाढेलच असे दिसते, आणि तो वाढला तर राज्यपालांच्या कार्यालयाला आवडणार नाही. उद्या सकाळी पगारातून कापून घेतलेल्या कराच्या मासिक नोंदी पुन्हा तपासायला घेते.