बॅटरीचं ड्रिल घेताना मी काय बघतो

एका मध्यम किचनला १६ दारं धरा. दाराला दोन ऑटो हिंजेस (दार आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या), म्हणजे ३२. हिंजेसच्या वाटीला दोन स्क्रू आणि प्लेटला दोन, म्हणजे १२८ स्क्रू. सहा ड्रॉवरच्या चॅनेलचे बारा-बारा धरले तर आणखी ७२. झाले २००. शिवाय कपाटांच्या पेट्या एकमेकांना जोडायच्या, हॅण्डलची भोकं पाडायची आणि प्रत्येक हिंजेससाठी ३५ मिलिमीटरचा खळगा कोरायचा. हे सगळं साइटवर, दोन माणसांत, दोन दिवसांत. ड्रिल चांगलं की वाईट हे मला त्या दोन दिवसांत कळतं.

मी पुण्यात, धायरीत फर्निचरचं काम करतो. आमचे आप्पा कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी दारं-खिडक्या आणि बैलगाड्या करायचे. त्यांचं गिरमिट आणि सामता, म्हणजे हाताने भोक पाडायची हत्यारं, अजून माझ्या पेटीत आहेत. सागाच्या चौकटीला एक भोक पाडायला त्यांना किती वेळ लागायचा हे मी लहानपणी शेजारी बसून बघितलंय. म्हणून हत्याराला दिलेले पैसे मला कधी जास्त वाटत नाहीत. ते वाया गेले तर मात्र फार लागतं.

एकदा ते वाया गेले. २०१९ मध्ये मी एक स्वस्तातलं मशीन घेतलं. अंगावर मोठ्या अक्षरात ४८ व्होल्ट. दोन बॅटऱ्या, बिटांचा संच, सगळं मिळून २,८०० रुपये. पहिले दोन महिने मी खूश होतो. तिसऱ्या महिन्यात एक बॅटरी चार्ज घेईना. दुसरी चालू होती तोवर माझ्या मेहुण्याने, तो वायरमन आहे, फुल चार्ज करून तिला मीटर लावला. साडेवीस व्होल्ट! पाचव्या महिन्यात तीही गेली. मी बॅटरी शोधत फिरलो, तर त्याच नावाच्या नव्या मशीनची बॅटरी बसायची खाच वेगळी आलेली. मोटर चांगली होती, बिट धरणारा चक चांगला होता, आणि मशीन माळ्यावर गेलं.

मेहुण्याने तेव्हा समजावलेलं गणित मी आता प्रत्येकाला सांगतो. लिथियमचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो, पूर्ण भरला की ४.२ पर्यंत जातो. पाच सेल एका ओळीत जोडले की १८ व्होल्ट, आणि चार्जरवरून काढल्या काढल्या २१. म्हणजे १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि २१ व्होल्ट ही तिन्ही मशीन्स पाच सेलचीच, फक्त मोजायची वेळ वेगळी. तसंच १०.८ आणि १२ हेही एकच, तीन सेल. खऱ्या ४८ व्होल्टला १३ सेल लागतील, ते त्या मुठीएवढ्या डबीत बसणारच नाहीत. कोणी ४८, ८८ असं काही दाखवलं तर बॅटरी उलटी करून बारीक अक्षरातला वॉट-अवर बघा. तो व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर-अवर यांचा गुणाकार. १८ गुणिले २ म्हणजे ३६. तो आकडाच नसेल तर मी ते मशीन खाली ठेवतो.

दुसरा आकडा टॉर्कचा, म्हणजे फिरवायच्या ताकदीचा. इथे बहुतेक जण मोठा आकडा वाचून थांबतात. खोक्यावर बऱ्याचदा दोन आकडे असतात, हार्ड आणि सॉफ्ट. लोखंडात स्क्रू टेकून एकदम अडतो त्या क्षणाचा झटका म्हणजे हार्ड. लाकडात स्क्रू हळूहळू घट्ट होत जातो तेव्हा मशीन जेवढी ताकद लावत राहतं ती सॉफ्ट. सुताराने सॉफ्टचा आकडा वाचायचा. मी २०२२ च्या मार्चमध्ये बॉशचं जीएसबी १८०-एलआय घेतलं. त्याचा हार्ड टॉर्क ५४ न्यूटन-मीटर आणि सॉफ्ट २१. यातल्या २१ वर माझं घर चालतं. आमच्या प्लायच्या आणि पार्टिकल बोर्डच्या कामाला तेवढी ताकद पुरते. ३५ मिलिमीटरचा हिंजेस बिट लावताना मात्र गिअर एकवर टाका. दोनवर टाकून जोर दिलात तर मोटर तापते, वास येतो आणि बॅटरी बघता बघता बसते.

मग १२ व्होल्टचं घेऊ नये का? जरूर घ्यावं. फक्त हिंजेस, हॅण्डल, चॅनेल एवढंच काम असेल, किंवा दिवसभर हात वर करून जिप्सम सीलिंगचे स्क्रू मारायचे असतील, तर हलकं मशीन खांद्याला वाचवतं. माझ्या जोडीदाराकडे १२ व्होल्टचं आहे आणि दारं बसवताना आम्ही दोघेही त्यालाच आधी हात घालतो. पण तुमच्याकडे एकच मशीन असणार असेल आणि त्याच्यावर पोट असेल, तर १८ व्होल्टचं घ्या.

मी सगळ्यात जास्त भांडतो ते भिंतीवरून. "इम्पॅक्ट (फिरता फिरता ठोके द्यायची सोय) आहे ना, मग स्लॅबला पण चालेल" असं दुकानात सांगतात. विटेच्या भिंतीत सहा-आठ मिलिमीटरचं भोक चालतं, हे खरं. पण कॉलम, बीम, स्लॅब म्हणजे आरसीसी लागलं की बॅटरीचं इम्पॅक्ट ड्रिल नुसतं किंचाळतं. बिट लाल होतो, भोक अर्धा इंचही जात नाही आणि गिअरबॉक्सची वाट लागते. त्याला एसडीएस चकचं हॅमर मशीनच हवं. त्यात आतला दट्ट्या बिटाला मागून ठोके देतो, आपल्याला ढकलावं लागत नाही. मी वायरचं दोन किलोचं हॅमर वेगळं ठेवलंय. ज्या इमारतीत अजून विजेचा मीटर लागलेला नसतो तिथे भिंतीच्या भोकांपुरती बिल्डरच्या तात्पुरत्या कनेक्शनवरून वायर ओढून आणतो आणि ती भोकं एकाच दिवशी उरकून घेतो. बाकीचं काम बॅटरीवर.

याच्या उलट चूक एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंतीत होते, ज्याला आमच्याकडे सगळे सिपोरेक्स म्हणतात. तिथे हॅमर तर सोडाच, इम्पॅक्टही बंद करायचा. साध्या ड्रिलवर भोक पाडायचं. ठोके दिले की भोक फुलतं, गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग) सैल बसते, आणि त्याच गिट्टीवर उद्या डब्यांनी भरलेलं वरचं कपाट लटकणार असतं. खाली कोणीतरी उभं राहून पोळ्या लाटणार असतं. हे मी हाताखालच्या पोरांना रोज सांगतो.

क्लचची रिंग, म्हणजे चकच्या मागे आकडे असलेलं, स्क्रू ठरलेल्या जोराला घट्ट झाला की फिरणं थांबवणारं कडं, निम्मे कारागीर कधी फिरवतच नाहीत. ड्रिलच्या खुणेवर ठेवून सगळे स्क्रू मारतात. पार्टिकल बोर्डमध्ये त्यामुळे स्क्रू टेकल्यावरही मशीन फिरत राहतं, आतला भुसा होतो आणि स्क्रू मोकळा फिरायला लागतो. मग माचिसच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरत बसा. हिंजेसला मी चार-पाचवर ठेवतो, प्लायला थोडं वर. दुकानात मशीन हातात घेतल्यावर हे कडं फिरवून बघा. प्रत्येक आकड्यावर टक् असं स्पष्ट थांबलं पाहिजे.

मी घेतलं ते रविवार पेठेत, बोहरी आळीत. ऑनलाइन दोन-तीनशे रुपये कमी होते. पण चक हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मी खिशात तीन मिलिमीटरचा नवा बिट घेऊन गेलो होतो. तो चकमध्ये लावून हळू फिरवला आणि टोकाकडे बघितलं. पहिल्या मशीनचं टोक डुलत होतं. दुसऱ्याचं एका जागी फिरत होतं. त्याच मॉडेलची दोन मशीन्स, एकाच दुकानात! मी दुसरं उचललं. दुकानदार काही बोलला नाही, उलट त्याने खुर्ची दिली. दोन अ‍ॅम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांसह ९,८०० रुपये, पक्क्या बिलावर. जीएसटी १८ टक्के आहे म्हणून बिल नको म्हणणारे बरेच आहेत, पण वॉरंटीला बिलच लागतं.

ब्रशलेस मोटरचं मशीन घेतलं नाही याची थोडी रुखरुख आहे. त्यात कार्बन घासत नाही, त्याच बॅटरीवर काम जास्त होतं. तेव्हा पैसे पुरत नव्हते. आज घेतलं असतं तर ब्रशलेसच घेतलं असतं, पण दुसरी बॅटरी सोडून नक्कीच नाही. एक बॅटरी चार्जरवर आणि एक मशीनवर, हे चक्र तुटलं की दोन माणसं हात बांधून बसतात. त्यांचा रोज मात्र सुरूच असतो.

बॅटरीबद्दल एक जुनी समजूत अजून साइटवर चालते: पूर्ण संपवून मगच चार्ज करायची. ती निकेल-कॅडमियमच्या काळातली. लिथियमला ती मारक आहे. जोर कमी झाला की काढा, गार होऊ द्या आणि मग चार्जरला लावा. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तर अजिबात ठेवू नका. मी दुपारी जेवायला जाताना बॅटऱ्या डब्याच्या पिशवीत घालून सावलीत नेतो.

मार्च २०२२ पासून या मशीनवर साठेक किचन झाली. ९,८०० भागिले ६०, म्हणजे किचनला १६३ रुपये. ते ४८ व्होल्टचं पाच महिन्यांत आठ किचन करून गेलं, किचनला साडेतीनशे. पोरांना मी हा हिशोब प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने मांडून दाखवतो.

दोन्ही बॅटऱ्यांवर मी घेतल्याच दिवशी मार्करने १ आणि २ लिहिलं होतं. १ नंबरवर पूर्वी एका चार्जमध्ये किचनचे सगळे हिंजेस बसायचे. परवा नऱ्ह्याच्या साइटवर ती अकराव्या दाराला थांबली. मशीन चालू आहे, त्याच खाचेची बॅटरी अजून मिळते. शनिवारी बोहरी आळीत जाऊन तिसरी आणणार आहे, या वेळी चार अ‍ॅम्पिअर-अवरची.