बाकी नेहमीसारखं

उरलेली जुनी लोकर संपवून टाकू म्हणून एक गुंडा काढला होता, विणत विणत दुपारी शेवटापर्यंत आले तर आतून कागदाची घडी निघाली. मावशीची सवयच ती. गुंडा करायचा तर पोटात काहीतरी हवं, मग हाताला येईल तो चिठोरा घ्यायचा आणि त्यावर लोकर गुंडाळत जायची. या चिठोऱ्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘टोपी. सुई 10. टाके 112. बॉर्डर चार बोटं. बाकी नेहमीसारखं.’

नेहमीसारखं! आता ते कसं ते तिचं तिलाच ठाऊक. पण मला हे असलं लिहिणं फार आवडतं बुवा. हल्लीचे पॅटर्न बघा, पानंच्या पानं, ओळीओळीचा हिशोब, कंसात कंस, फुल्या आणि खाली टिपा. मी तिसऱ्या ओळीपर्यंत शहाण्यासारखी विणते आणि मग वाटतं की इथे एक वेणी टाकली तर? झालं, मग तो पॅटर्न त्याच्या वाटेने आणि मी माझ्या.

मावशी माप टेपने घ्यायची नाही. लोकरीचाच तुकडा भुवयांच्या वरून, कानांवरून डोक्याभोवती फिरवायची, ओढायची मात्र नाही, आणि कापून डब्यात ठेवायची. आपण सुटलो असं वाटतंय तोवर ती आपल्याच दोन्ही हातांत लोकरीची लडी अडकवायची आणि गुंडा करत बसायची, आणि हात अडकले रे अडकले की नाक खाजायला लागायचं. लडी सुटावी म्हणून आपण मनगटं डावी-उजवीकडे हलवत राहायची, थांबलं की ओरडा.

तर सुई 10. जुन्या ब्रिटिश नंबरांत 10 म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, नंबर वाढेल तशी सुई बारीक, आणि अमेरिकन 10 म्हणजे चक्क 6 मिलिमीटरचा दांडका. मावशीची बारीकच असणार. योगायोगाने माझ्या हातातली सुईही सव्वातीनचीच होती, म्हणून पट्टी लावून मोजलं तर 10 सेंटीमीटरला 24 टाके. म्हणजे 112 टाक्यांची टोपी झाली जेमतेम 47 सेंटीमीटर. टोपी डोक्यापेक्षा चारेक सेंटीमीटर लहानच ठेवायची असते, म्हणजे ताणून घट्ट बसते. मग डोकं 50-51चं. मोठ्या माणसाचं 56-57च्या आसपास भरतं, म्हणजे हे पोराचं डोकं, तीन-चार वर्षांच्या. माझं की दादाचं? टोपी कधीच कुठेतरी गेली, तो मापाचा डबाही गेला, आणि ज्याला विचारावं असं आता घरात कुणी नाही.

असो. भाचीच्या टोपीला मीही 112च टाके घातले. बॉर्डर दोन सुलट दोन उलट, त्यावर बदकं हवीत अशी तिची ऑर्डर. आता बदक काढायचं तर आलेखाचा कागद घेऊन बसायचं, पण त्यावरचे चौकोन असतात चौरस आणि टाका असतो रुंद नि बुटका, 10 सेंटीमीटरला टाके 24 येतात पण ओळी तीसच्या वर जातात. चौरस कागदावर छान गुबगुबीत बदक काढलं की टोपीवर ते कुणीतरी वरून दाबल्यासारखं उतरतं. म्हणून कागदावर बगळा काढायचा, तेव्हा कुठे बदक होतं. शिवाय माझं बदक मधल्या जागेसकट 16 टाक्यांचं, म्हणजे बरोबर सात बदकं, टाका उरत नाही, छानच की. पण टोपीचा माथा मी आठ पाकळ्यांत मिटवते, एकाआड एक फेरीत आठ टाके कमी करत. खाली सात, वर आठ. कुणाला दिसणार नाही म्हणा, पण मला दिसतं ना! शेवटी शेपटी छाटून बदक 14 टाक्यांवर आणलं. बदक दुसऱ्या रंगाचं, तेव्हा मागे धागे लोंबू नयेत म्हणून दर चार-पाच टाक्यांना अडकवून घ्यायचे, नाहीतर पोरं त्यात बोटं घालतात. दोन धाग्यांमुळे टोपी जाड आणि जास्त ऊबदार होते, तो फुकटचा फायदा. गोंडा लावणार नाही. माथ्यावरचं भोक नीट मिटलं नाही की लोक गोंडा लावतात असा माझा जुना संशय आहे.

आपलं आपण डिझाईन करायचं म्हणजे निम्मं गणितच. एलिझाबेथ झिमरमन नावाच्या बाईंनी गोल शालीचं जे करून ठेवलंय ते मला भयंकर आवडतं. 9 टाक्यांनी सुरुवात, टाके दुप्पट करायचे, 3 फेऱ्या साध्या, परत दुप्पट, मग 6 फेऱ्या, मग 12, मग 24. मधे एकही टाका वाढवायचा नाही, त्या जागेत हवी ती नक्षी भरा, शाल आपोआप गोल. मध्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की परीघ दुप्पट, बस्स. शाळेत हे शालीवर शिकवलं असतं तर माझी भूमितीशी एवढी दुश्मनी झाली नसती.

मफलरबद्दल मला काही म्हणायचं नाही. नुसता एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा विणला तर कडा वळतात आणि गळ्यात नळी येते, एवढं सांभाळा, बाकी लोकर संपेपर्यंत विणा.

हातमोज्यांचं मात्र अवघड आहे. अंगठ्याची पाचर पहिल्या हाताला इतकी मजा देते, दर तिसऱ्या फेरीला दोन टाके वाढताना अंगठा फुटताना दिसतो, कागदावर भराभर नोंदी होतात. आणि दुसऱ्या हाताला तेच सगळं पुन्हा, फक्त आरशातलं. माझा डावा तयार आहे, सुंदर झालाय. उजवा करेन कधीतरी, नाहीतर खिसा आहेच.