तुम्ही विचारलंत म्हणून: कोविडमध्ये नवीन सिस्टर्स नोकरी सोडून का गेल्या?

कोविडमध्ये मी पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलात वॉर्ड इनचार्ज होते, त्यामुळे हा प्रश्न मला अजून विचारतात, की नुकत्या पास झालेल्या मुली पटापट सोडून का गेल्या, घाबरल्या का? नाही हो, घाबरल्या असत्या तर जॉइनच झाल्या नसत्या.

त्या एकट्या पडल्या. एरवी नवीन मुलगी सिनिअरच्या मागे मागे फिरून शिकते, हँडओव्हर, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, कसा द्यायचा, रात्री तीनला डॉक्टरांना फोन करायची हिंमत सुद्धा. 2021 च्या एप्रिलमध्ये सिनिअर स्वतःच पॉझिटिव्ह नाहीतर क्वारंटाईन, मग जीएनएमचा, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचा रिझल्ट लागतोय न लागतोय तोच मुलगी थेट आयसीयूत. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक सिस्टर हवी, तिथे हिच्याकडे चार-चार. पीपीई घातला की तासन् तास पाणी नाही बाथरूम नाही, गॉगलवर वाफ, दोन ग्लोव्हजमधून शीर हाताला लागत नाही आणि पेशंट कळवळून म्हणतो, सिस्टर किती वेळा टोचणार.

एका मुलीच्या ड्युटीत एक आजोबा गेले. दुपारी तिनेच त्यांना नातवाशी व्हिडिओ कॉल लावून दिला होता. बॉडी पॅक करायला तीच, घरी फोन करायला तीच, बेड पुसून झाला की लगेच पुढचा पेशंट. रडायचं तरी कुठे, आत मास्क काढता येत नाही. ती गावी गेली ती परत आलीच नाही.

पगाराचं तर बोलायलाच नको. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटलातही किमान 20,000 द्या म्हटलं होतं, कितीजणींच्या हातात तेवढे पडायचे? त्यात घरमालक म्हणणार खोली खाली करा. मे 2020 मध्ये कोलकात्यातून मणिपूरच्या सुमारे 185 नर्सेस एकदम घरी परतल्या, त्यांचीही तक्रार हीच, पगार, सुरक्षा, शेजाऱ्यांची वागणूक.

मी जमेल तिथे नवीन मुलीला जुन्या सिस्टरसोबत एकाच नाईटला लावायचे, निदान पहिले काही आठवडे. त्यातल्या बऱ्याच टिकल्या, दोघी तर आज स्वतः इनचार्ज आहेत. म्हणून अजूनही कुणी स्टाफ कमी आहे म्हणून इंडक्शनचे, म्हणजे नवीन मुलींच्या सुरुवातीच्या शिकण्याचे दिवस कापायला निघालं की मी सरळ मेट्रन मॅडमच्या, म्हणजे आमच्या मुख्य सिस्टरच्या केबिनमध्ये जाऊन भांडते.