तो व्हिडिओ मी का दाखवत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हसून विषय बदलते. हळदीकुंकवाला, लग्नात जेवणाच्या रांगेत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे तेच. "मसाई माराला जाऊन आलात ना? क्रॉसिंग मिळालं? मग व्हिडिओ दाखवा की!"

मिळालं. क्रॉसिंग म्हणजे विल्डबीस्टचे, गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे कळप केनियातली मारा नदी ओलांडतात ते. व्हिडिओही आहे, चार मिनिटं बावीस सेकंदांचा. दाखवत नाही.

बाकीचं काय हवं ते विचारा. जुलैअखेर ते ऑक्टोबर या काळात जा, किमान तीन रात्री राहा, यलो फीव्हरची लस दहा दिवस आधी घ्या, भाकरवडी प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नका, केनियात 2017 पासून बंदी आहे. हे सगळं तुम्हाला माहीतच असतं, तरी विचारता. मीही सांगते, कारण तेवढ्यात व्हिडिओचा विषय मागे पडतो.

आम्ही ऑगस्ट 2024 मध्ये गेलो. त्याच जुलैपासून माराचं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला दिवसाला 200 डॉलर झालं होतं. म्हणजे जवळपास सतरा हजार रुपये, तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्याचेच. हा आकडा मुद्दाम सांगतेय. त्या दिवशी गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात तो टिकटिकत होता, माझ्या तर नक्कीच. तीस वर्षं बँकेत नोकरी केली आहे. दिवसाचे सतरा हजार भागिले बारा तास, हा हिशोब मी नदीकाठी बसून मनात केलाय.

तिसरा दिवस, म्हणजे शेवटचा. सकाळी नऊपासून मारा नदीच्या काठाजवळ थांबलो होतो. लँड क्रूझरचं छप्पर वर केलेलं, गाडीत आम्ही दोघं, कोल्हापूरचं एक जोडपं आणि नाशिकचे दोघे भाऊ. समोर हजारो विल्डबीस्ट. पुढचे काठापर्यंत यायचे, पाणी हुंगायचे, मागे फिरायचे. पुन्हा यायचे, पुन्हा फिरायचे. गाईड आम्हाला लांब एका झुडपाआड घेऊन उभा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. पहिले काही पाण्यात उतरून धार लागेपर्यंत गाडी हलवायची नाही. उतरायची जागा गाड्यांनी अडवली तर कळप बिचकतो, परत तरी जातो नाहीतर भलत्याच कड्यावरून उड्या मारतो. "सुबिरी, ममा," म्हणाला. थांबा. मला तो शब्द गोड वाटला. पहिले दोन तास.

बारा वाजून गेले. दशम्या संपल्या, लसणाची चटणी संपली. मग एक झेब्रा उताराला लागला, आणि आमच्या उजवीकडून एक गाडी सुटली. तिच्यामागे दुसरी, मग दहा-बारा. धुळीचा भिंतीएवढा लोट. आम्हाला काही दिसेना. रेडिओवर स्वाहिलीत आरडाओरडा चाललेला. नवऱ्याने मोबाईल उंच धरून शूटिंग सुरू केलं होतं.

आणि त्यात माझा आवाज आहे. स्वच्छ आहे, अगदी माईकजवळ. "गो ना, प्लीज गो! सगळे जातायत! आय विल गिव्ह डबल टिप!" मग गाईडचा आवाज, "सुबिरी." मग पुन्हा माझा, आणि या वेळी मराठीत, माणूस घरच्यावर खेकसतो तसा. "अरे घे की पुढे! पैसे काय फुकट भरलेत?"

त्याने घेतली. आमची गाडी काठाच्या अगदी टोकाला गेली, दुसऱ्या गाडीच्या नाकाला नाक लावून. उताराची उरलेली वाट बंद झाली. अर्धा कळप पाण्यात होता. मागचे आमच्या गाड्यांना वळसा घालून वर सरकले आणि तिथल्या उभ्या कड्यावरून उड्या घेऊ लागले. पडत होते, एकमेकांवर आदळत होते. आमच्या गाडीत टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. तेही ऐकू येतं.

मग राहिलेला कळप फिरला आणि धुळीत नाहीसा झाला. काठावर एक पिल्लू उरलं. फेब्रुवारीत तिकडे खाली टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला जन्मतात, म्हणजे सहा महिन्यांचं असेल. ते पाण्याकडे तोंड करून ओरडत होतं. पलीकडच्या काठावरून एक मादी ओरडत होती. त्याचीच आई होती का, मी शपथेवर सांगू शकत नाही. ते खाली उतरायचं, वर यायचं. पुढे काय झालं ते ठाऊक नाही, कारण तेवढ्यात रेंजरची गाडी आली, आमचा नंबर लिहून घेतला आणि आम्हाला तिथून काढलं.

दंड गाईडला झाला. आम्हाला कोणी काही विचारलंसुद्धा नाही. रात्री कॅम्पवर मी म्हटलं, दंड आपण वाटून भरू. कोल्हापूरचे काका म्हणाले, "नियम त्याला माहीत, आपल्याला नव्हते." नियम आम्हाला सकाळी नऊ वाजता त्यानेच सांगितले होते. पण मी वाद घातला नाही. निघताना कबूल केलेली डबल टिप पाकिटात घालून दिली. ते बक्षीस होतं की भरपाई, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने "असांते, ममा" म्हटलं आणि पाकीट न उघडता खिशात घातलं.

भाचा माझी समजूत काढतो. मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट बुडून मरतात, मावशी, त्यांवर मासे, गिधाडं, अख्खी नदी जगते, एका पिल्लाचं काय घेऊन बसलीस? बरोबर आहे त्याचं. साठ गाड्या होत्या, आमची नसती तर एकसष्टावी आली असती, हेही मी स्वतःला शंभरदा ऐकवलंय. पण बाकीच्या गाड्यांत माझा आवाज नाही.

याच बाईने, म्हणजे मीच, ताडोबात वाघिणीभोवती जिप्सींची गर्दी बघून नाक मुरडलं होतं. घरी येऊन पर्यटकांच्या संस्कारांवर व्याख्यान दिलं होतं. मग 2024 च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी घेरलं. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. जिप्सीचालक आणि गाईड निलंबित झाले. ती क्लिप मला अकरा जणांनी पाठवली, "बघा हो कसे लोक असतात" म्हणून. मी कोणालाच उत्तर दिलं नाही. क्लिप मात्र आवाज मोठा करून ऐकली. जिप्सीतलं कोण काय म्हणतंय, ते शोधत होते.

आता विचाराल, परत जाल का? चौकशी केली आहे मी. माराच्या बाजूला मसाई लोकांच्या जमिनी भाड्याने घेऊन केलेल्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी राखीव रानं आहेत, नाबोइशोसारख्या. गाड्या मोजक्या, गर्दी नाही. पण तिथे नदीवरचं क्रॉसिंग दिसत नाही. हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद केला. म्हणजे मला अजून क्रॉसिंग हवंच आहे. घ्या, हेही सांगून टाकलं.

व्हिडिओ पुसलेला नाही. मध्यंतरी भाच्याकडून आवाज काढून टाकलेली एक प्रत करून घेतली होती, तुम्हाला दाखवता यावी म्हणून. छान दिसते. धूळ, उड्या, पाणी. पण त्यात ते पिल्लू नुसतंच तोंड उघडतं आणि मिटतं.