मग तेव्हाच का नाही सोडलंत?

शंका येत होती, तर तेव्हाच का नाही सोडलंत? आमचा संप्रदाय मी सोडला हे कळलं की माणसं हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

अनुग्रह घेतला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पाच वर्षांनी एका गुरुबंधूच्या आजारी मुलाची औषधं थांबवून नुसता अंगारा लावायला सांगितलं गेलं. मी मोठ्या ताईंना विचारलं. "तुझी श्रद्धा उणी पडतेय, जप वाढव," त्या म्हणाल्या. मी वाढवला. पुढेही दर वेळी हेच. प्रश्न महाराजांबद्दल असायचा आणि खोट माझ्यात निघायची. मग मी विचारणं सोडलं आणि आणखी आठ वर्षं तिथेच राहिले.

आणि जाणार कुठे? भावाची नोकरी गुरुबंधूच्या दुकानात. माझं लग्न सत्संगातच जमलेलं. आईचं बायपास झालं तेव्हा दवाखान्यात रात्री पाळ्या लावून बसली तीही हीच माणसं. त्यांची माया खोटी नव्हती. तिनेच तर पाय निघत नव्हता.

दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजात असगर अली इंजिनियर यांच्यासारखे सुधारक उघडपणे बोलले आणि त्याची किंमत मोजली. तिथे बहिष्कृताला समाजाच्या दफनभूमीतही जागा नाकारली जाते. मुंबई राज्याने १९४९ साली कायदा करून असा बहिष्कार रोखला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. त्या निकालाचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे सोपवला गेला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो, आणि तो हवाच. पण आमच्याकडे बहिष्कार कुणी पुकारला नाही. फक्त फोन थांबले. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, याची तक्रार पोलिसांत कशी लिहून द्यायची?

परवा एसटी स्टँडवर जुनी गुरुभगिनी भेटली. वर्षानुवर्षं आम्ही एकाच सतरंजीवर शेजारी बसायचो. इकडेतिकडे बघत ती हळूच म्हणाली, "त्या पोराच्या औषधांचं मलाही तेव्हाच खटकलं होतं गं." मला रडूच आलं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी एकटीच.

थोड्या वेळाने ती उठली. सत्संगाची वेळ झाली होती. मी तिला अडवलं नाही. तिच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे.