लगूनला जाताय? भरतीची वेळ बघून निघा, पण तेवढ्यावर भागत नाही

लगून म्हणजे वाळूच्या पट्ट्याआडचं उथळ खारं पाणी, समुद्राला एका अरुंद मुखाने जोडलेलं. पौर्णिमेनंतर लगेच दोन दिवस तिथे काढले, म्हणजे ऐन उधाण, भरती-ओहोटी सगळ्यात मोठी. सोबत दोरीला बांधलेला थर्मामीटर आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक.

पहिल्या दिवशी दुपारी १ ला पूर्ण ओहोटी. अगदी आतल्या टोकाला पाणी गुडघ्याच्या खाली, डोक्यावर ऊन, थर्मामीटर ३५ वर आणि कुबट वास. तिकडे समुद्राचं ताजं पाणी धड पोचतच नाही, तेच ते पाणी पुढेमागे हलत राहतं, तापतं, वाफ होऊन अजून खारट होतं.

मग मुखाकडे चालत आलो. वेळापत्रकाप्रमाणे भरती लागलेली, पण पाणी अजून सुसाट बाहेरच धावतंय! आतलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून निघायला वेळ लागतो आणि तोवर आतली पातळी समुद्रापेक्षा वरच राहते. दीडेक तासाने ओढ थांबली, फेसाचा एक पुंजका जागच्या जागी गोल फिरत राहिला आणि मग हळूच आत निघाला. म्हणून सांगतो, छापील वेळेवर विसंबून मुखापाशी उतरू नका, आधी एक काडी टाका आणि ती कुठे जाते बघा.

गार पाणी आलं ते पायाला आधी कळलं, पोटऱ्या गार आणि मांड्या अजून कोमट, कारण गार पाणी जड, ते तळाने सरकतं. अर्ध्या तासात तिथे २९. आतल्या टोकाला मात्र फारसा फरक नाही, पाणी तापलेल्या वाळूवरून येता येताच गरम होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटी साधारण ५० मिनिटं उशिरा. म्हणजे आठवड्याने, अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा), इथे भरदुपारी भरती असणार. पोहायला तेच दिवस बरे, दुपारी पाणी भरपूर आणि ओढ कमी, फक्त पाण्याची अदलाबदलही कमी होते त्यामुळे आतल्या टोकाला डुंबू नका, मुखापासून थोडं आत थांबा. उधाणाची ओहोटी एका ठिकाणी साधारण त्याच सुमाराला येते, तुमच्याकडे ती दुपारी येत असेल तर तापलेलं पाणी धरूनच चला. आणि पायात जुने बूट हवेतच, कालवांच्या कडा फार लागतात.