रेपिनचा मुसोर्गस्की: तिसऱ्या बैठकीत नाक खरवडलं

काल पॅलेट नाइफ (रंग खरवडायची पातळ सुरी) घेतली आणि माझ्या नकलेतल्या मुसोर्गस्कीचं नाक मुळापासून खरवडून काढलं. दोन तासांचं काम गेलं, पण ते ठेवण्यासारखं नव्हतंच.

ही नक्कल चारच बैठकांत करायची असं ठरवलंय, कारण रशियन चित्रकार इल्या रेपिननेही मूळ व्यक्तिचित्र चारच दिवसांत केलं. जुन्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे २ ते ५ मार्च १८८१, पीटर्सबर्गचं निकोलायेव्स्की लष्करी रुग्णालय. आदल्याच दिवशी त्या शहरात झारवर बॉम्ब पडला होता. दारूने पोखरलेला संगीतकार मुसोर्गस्की १६ तारखेला गेला. रेपिनकडे तिथे इझलसुद्धा (कॅनव्हास उभा ठेवायची घोडी) नव्हता, टेबलापाशी बसून त्याने रंगवलं.

म्हणून मीही कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवला. आडव्या कॅनव्हासचा लांबचा भाग डोळ्याला आखूड दिसतो, आणि हात नकळत तो ताणून काढतो. उभा करून पाहिला तर कपाळ चांगलं बोटभर वाढलेलं! दुसरी बैठक ते आवरण्यातच गेली. आता खाली दोन जाड पुस्तकं लावून उतार दिलाय.

नाकाला मी सरळ कॅडमियम रेड, म्हणजे भडक लाल, लावला होता. चेहरा लगेच नाटकातल्या बेवड्याचा झाला. रेपिनचा मुसोर्गस्की तसा मुळीच नाही. केस विस्कटलेले, चेहरा सुजलेला, अंगात रुग्णालयातला झगा, तरी त्या माणसाचा आब कुठे ढळत नाही. रेपिनचं त्याच्यावर प्रेम होतं. चित्रसंग्राहक ट्रेत्याकोवने चित्र घेतल्यावर आलेले पैसेही त्याने मित्राच्या स्मारकासाठी देऊन टाकले.

खरवडल्यावर यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अलिझरिनचा (गडद लाल) अगदी थेंबभर अंश घेतला. गालाच्या सावलीत थंड करडा, आणि मागची फिकट पार्श्वभूमी आधी भरून घेतली. शेजारच्या या थंड, फिकट रंगांमुळे नाक हवं तेवढं लाल दिसायला लागलं, कॅडमियम लागलाच नाही. पार्श्वभूमी शेवटी भरायची माझी सवय इथे नडत होती.

हिरव्या झग्याचे किरमिजी काठ मोठ्या ब्रशने एका दमात ओढले, ते जमलेत.

रविवारी चौथी बैठक. फक्त डोळे. तो आपल्याकडे बघतच नाही, बाजूला कुठेतरी बघतोय, आणि त्या डोळ्यांतला ओलसर उजेड मला अजून पकडता आलेला नाही.